भिंतीचा हिरवा दिवा

अभय ओव्हाळच्या वेबसाइटला तीन पानं आहेत. ‘चाललं’, ‘चाललंय’ आणि ‘जळालं’. जमलेली यंत्रं पहिल्या पानावर, अर्धवट दुसऱ्यावर, आणि ज्यांच्यातून धूर निघाला ती तिसऱ्यावर. तिसरं पान सगळ्यांत लांब. टाकी भरली की भोंगा वाजवणारं यंत्र तिथं आहे. ते टाकी रिकामी झाली तरी वाजायचं, शेवटी गल्लीतल्या एका म्हातारीनं त्याच्यावर कळशी उपडी केली आणि त्याला गप्प केलं. दारात कुणी आलं की मोबाइलवर फोटो धाडणारी डबी तिथं आहे. तिनं दिवसभर एकाच मांजराचे फोटो धाडले. प्रत्येक यंत्राखाली अभयनं तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: काय करायला गेलो, कुठं चुकलं, काय जळालं. वाचणारे मोजकेच, कुणी नाशिकचा, कुणी गडहिंग्लजचा, त्याच्यासारखीच हातात सोल्डरिंगची बंदूक धरून बसणारी पोरं.

घर येरवड्यात, टेकडीला चिकटलेल्या वस्तीत. वडील रामदास मार्केट यार्डात टेम्पोवर होते. गुडघे गेल्यावर घरी बसले. मूळचे दौंडकडचे, पुण्यात हयात गेली तरी जीभ तिकडचीच राहिली. पोरगा बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारातून मोडके रेडिओ, चार्जर, पंख्याच्या मोटारी पिशवीत घालून आणायचा.

“आरं, लोकं बाजारातनं भाजी आनत्यात,” रामदास म्हणायचे. “तू ह्ये आनतूस. तुजी आई फोडनीला टाकनार हाय का ह्ये?”

“अहो, घरात बसून जाळतोय ना?” हिरा तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची. “बाहेर जाऊन तर काही जाळत नाही. राहू द्या.”

डिप्लोमा झाला आणि अभय तपकीर गल्लीतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना वायर आणि एलईडीच्या पट्ट्या कापून देऊ लागला. त्याच वर्षी त्यानं भिंतीचं यंत्र केलं.

वस्तीच्या मागं दगडी भिंत होती. वर टेकडीचा उतार कापून कधीकाळी इमारत झाली, तिच्या आवारातला मातीचा भराव अडवायला ही बांधलेली. खालच्या घरांपेक्षा बरीच उंच. जागा वाचवायला लोकांनी घरं थेट भिंतीलाच टेकवली होती. मागच्या खोलीची मागची बाजू म्हणजे तीच भिंत, वर पत्रा. एका पावसाळ्यात दुसऱ्या गावची अशीच भिंत पडल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरला, आणि त्या दिवसापासून मागच्या खोल्यांत कुणी झोपेना. ओव्हाळांच्या मागच्या खोलीत ट्रंका गेल्या, गाद्या गेल्या, अभयचं भंगार गेलं. माणसं सकाळी तोंड धुता धुता भिंतीकडं बघायची. कुठला दगड पुढं आलाय, कुठल्या फटीतून गढूळ पाणी येतंय, हे बायका पाण्याच्या रांगेत एकमेकींना सांगायच्या.

मोबाइल आडवा धरला की चित्र आडवं होतं. ते ज्या चिपमुळं होतं, तसलीच एक चिप अभयनं पत्र्याच्या वर, भिंतीत खिळे ठोकून प्लास्टिकच्या डबीत बसवली. भिंत किती कलते ते ती मोजणार, आकडे वेबसाइटवर जाणार. वीज वस्तीतल्या बुद्धविहारातून घेतली. विहाराच्या दर्शनी बाजूला दोन दिवे लावले. भिंत जागेवर असेल तर हिरवा. बोटभर जरी कलली तरी लाल.

भिंतीचा दगड ओबडधोबड, डबी काही केल्या सरळ बसेना. मग अभयनं तिला एक शिकवून ठेवलं: चालू होताना जशी असशील तेच सरळ समज, आणि तिथून पुढं मोज. युक्ती सोपी होती. त्याला स्वतःलाच आवडली. काम ‘चाललं’च्या पानावर गेलं.

आणि गुरुवारी वीज जाते. बहुतेक गुरुवारी, दुरुस्तीसाठी, सकाळी जाते आणि दुपारी येते. पुण्यात हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मिक्सर लावणारी बाई बुधवारीच चटणी वाटून ठेवते. अभयच्याही ते अंगवळणी पडलेलं. वीज आली की दिवा आपोआप लागायचा, हिरवा, आणि तो समाधानानं मान हलवायचा.

दिव्यानं वस्ती बदलली. पहिल्या महिन्यात लोक भिंत आणि दिवा दोन्ही बघायचे. मग नुसता दिवा. शेजारचा पृथ्वीराज रिक्षा चालवायचा. तो सकाळी किक मारायच्या आधी विहाराकडं मान वळवायचा आणि ओरडायचा, “चला, सिग्नल सुटला!” त्याच्या दोन्ही पोरी मागच्या खोलीत झोपू लागल्या. बायको अपेक्षानं तिथं शिलाई मशीन मांडलं. बाकीच्या घरांतूनही ट्रंका बाहेर आल्या आणि माणसं आत गेली. रामदास तर पाहुण्यांना विहारापर्यंत चालवत न्यायचे. गुडघा दुखत असला तरी. “ह्यो आमच्या पोराचा दिवा. भंगारातनं क्येला, बरं का.”

वेबसाइटमुळंच अभयला नोकरी लागली. बाणेरच्या एका लहानशा कंपनीत, जी गोदामांसाठी तापमान मोजणारी यंत्रं बनवायची. मुलाखत सुनीती आगाशे यांनी घेतली. सदाशिव पेठेतल्या, पिकल्या केसांच्या. मार्कलिस्ट त्यांनी बघितलीसुद्धा नाही.

“‘जळालं’ वाचलं मी,” त्या म्हणाल्या. “सगळं. इथं येणाऱ्या मुलांचं काहीच कधी जळालेलं नसतं. फार भाग्यवान पिढी आहे. तू सोमवारपासून ये.”

नोकरीला काही महिने झाले आणि पायल बाळंतपणाला माहेरी आली. अभयची धाकटी बहीण, पहिलीच खेप. मुलगी झाली. बाळंतिणीला निवांत जागा हवी, वारा लागायला नको, शेक घेताना आडोसा हवा. हिरानं विचारसुद्धा केला नाही. मागची खोली रिकामी केली, शेण्यांची शेगडी ठेवली, भिंतीला लागून खाट टाकली आणि वरच्या लोखंडी बारला पाळणा बांधला.

“आई, इथं?” पायलनं एकदा विचारलं होतं.

“अगं, दादानं दिवा लावलाय ना,” हिरा म्हणाली.

पुढच्या आणि मागच्या खोलीमधलं दार मात्र नीट लागेना. कडी चौकटीतल्या पट्टीच्या भोकात जायची नाही, भोकाच्या वरच आपटायची. रामदासांनी कानस घेतली आणि पट्टीचं भोक घासून मोठं केलं. कडी बसली. पंधरवड्यानं पुन्हा आपटायला लागली, पुन्हा घासलं. “पावसानं लाकूड फुगलंय,” ते म्हणाले. पाऊस होताच. पाळणा पहिल्यांदा बांधला तेव्हा भिंतीपासून हातभर लांब होता. आता झोका दिला की दगडाला टेकायचा. हिरानं दोरी सरकवून बांधली. पायलला वाटलं, आईनंच आधी चुकीची बांधली असेल. विहारात पावसाळाभराचं वर्षावासाचं वाचन चालू होतं. रोज संध्याकाळी पांढऱ्या साड्या नेसून बायका जायच्या, आणि दारातून आत शिरताना डोक्यावरचा हिरवा उजेड त्यांच्या पदरावर पडायचा.

त्या बुधवारी कंपनीत सुनीती मॅडमनी अभयला बोलावलं. एका गिऱ्हाइकाला गोदामातले उंच रॅक कलतात का ते मोजायचं होतं.

“तुझी ती भिंत दाखव. आजची नको, पहिल्यापासूनची.”

वेबसाइटवर फक्त त्या त्या दिवसाची रेघ दिसायची, कारण अभयला पान सुटसुटीत हवं होतं. जुने आकडे आत पडून होते. त्यानं सगळे एका रेघेत मांडले. रेघ पडद्यावर उमटली. मॅडम चष्मा वर करून पुढं झुकल्या.

“ही करवत कसली?”

रेघेला दात होते. हळूहळू चढायची, मग एकदम खाली शून्यावर. पुन्हा हळूहळू चढायची, पुन्हा शून्य.

“हे शून्य कधी होतं?”

अभयनं तारखा बघितल्या. “गुरुवारी.”

“दर गुरुवारी? वा. म्हणजे आठवडाभर भिंत कलते आणि गुरुवारी उपास धरून सरळ होते. फारच शिस्तीची भिंत आहे तुमच्याकडे.”

अभय हसला नाही. वीज जाते. वीज येते. डबी चालू होते, आणि जशी असेल तेच सरळ समजते. त्यानंच शिकवलेलं. गेल्या आठवड्यात भिंत जेवढी कलली तेवढं विसरायचं आणि नव्यानं सरळ म्हणायचं. सगळे दात एकाच बाजूला चढत होते, वस्तीच्या बाजूला. पावसाळा लागल्यापासूनचे दात जास्त उभे होते.

त्यानं आकडे एकाखाली एक घेतले आणि बेरीज करायला लागला. लाल दिव्याची हद्द बेरजेत कधीच मागं पडली होती. हात थांबेना.

“अभय,” मॅडम म्हणाल्या. आवाजातला तिरकसपणा गेला होता. “त्या भिंतीखाली कोण राहतं?”

“बहीण आहे. बाळंतीण.”

“मग तू इथं काय करतोयस?”

तो घरी पोचला तेव्हा दुपार होती. ऊन पडलं होतं, बऱ्याच दिवसांनी. पायल खाटेवर, बाळ पाळण्यात, हिरा शेगडीपाशी. सगळं जागच्या जागी होतं. त्यानं सरळ पाळण्यातून बाळ उचललं.

“अरे, हात तरी धू!” हिरा ओरडली.

“आई, बाहेर चला. पायल, ऊठ. इथं राहायचं नाही.”

“दादा, काय झालं? ऑफिसमधून काढलं का तुला?”

“भिंत कललीय. कधीपासून कलतेय. दिवा चुकीचा आहे.”

रामदास पुढच्या खोलीतून काठी टेकत आले. “कोन म्हनतं चुकीचा? सकाळीच बगितलाय म्या. हिरवा हाय.”

“तो हिरवाच राहणार, पप्पा. मीच तसं केलंय. दर गुरुवारी लाइट गेली की तो मागचं विसरतो. नव्यानं सुरू करतो.”

“आन् हे आज कळलं व्हय तुला? गावभर सांगून झालंय माजं. बाळंतीण उचलून वल्या वाऱ्यात नेऊन बसवायची? लोक थुकतील तोंडावर.” त्यांनी मधलं दार पुढं ओढलं, नेहमीच्या सवयीनं, वारा आत येऊ नये म्हणून. कडी सरकवली. ती भोकाच्या वर आपटली. त्यांनी पुन्हा सरकवली, पुन्हा आपटली.

कडीवरून हात काढून त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. भोक आता भोक राहिलं नव्हतं, लांबट खाच झाली होती. एकाच बाजूला वाढत गेलेली. वरचा घासलेला भाग ताजा, चमकणारा. ते खाली बसले, शेगडीतला विस्तव तांब्यातल्या पाण्यानं विझवला आणि पायलची चप्पल खाटेखालून काढून तिच्या पायाशी सरकवली.

“ऊठ, बाय माजी,” ते म्हणाले.

संध्याकाळी विहारातलं वाचन संपल्यावर अभयनं दिव्याची वायर बदलून लाल दिवा लावला आणि माइकपाशी उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. दिवा इतके महिने खोटा होता, चूक माझी, मागच्या खोल्या आजच्या आज रिकाम्या करा, एवढंच म्हणाला.

“काय राव अभय,” पृथ्वीराज मागून बोलला. “काल हिरवा, आज लाल. मधल्यामधी भिंतीनं सिग्नल तोडला की काय?”

लोक हसले. हसून झाल्यावर मात्र कोपऱ्यात चटईवर बसलेली पायल आणि मांडीवरचं बाळ सगळ्यांना दिसलं, आणि हसू विरलं. त्या रात्री मागच्या खोल्यांतून लोक पुढं सरकले. काहीजण विहारात आले, पृथ्वीराजच्या पोरीसुद्धा. दुसऱ्या दिवशी गुरुवार. वीज गेली आणि दिवा विझला. तेवढ्या वेळात वस्तीनं पुन्हा भिंतीकडं बघितलं. भिंतीच्या पोटाला फुगवटा होता. तो आधीपासून होता की नव्हता, यावर नळाशी भांडण झालं. कुणालाच खात्रीनं सांगता येईना. इतके महिने कुणी बघितलंच नव्हतं.

अभयनं अर्ज दिला होता. महापालिकेचा माणूस आला, भिंतीखालून एकदा चालला, वर बघत बघत परत झटझट चालत आला, आणि घरं रिकामी करा म्हणून दारांवर कागद चिकटवले. शाळेत राहायची सोय होईल म्हणाला.

कागदानं उलटंच झालं. भिंतीची भीती होती तिथं जागेची भीती येऊन बसली. “एकदा भायेर पडलो की परत घुसू देतील का?” बायका विचारू लागल्या. मग दोन दिवस लख्ख ऊन पडलं. भिंत वाळली, चिमण्या तिच्या फटीत ये-जा करू लागल्या. विहारात डास, एकच संडास, रडणारी पोरं. एकेक घर परत गेलं. कागद वाऱ्यानं निघाले, काही हातानं. रामदासांनी ट्रंका पुढच्या खोलीतूनही काढल्या आणि घरची मंडळी शाळेच्या वर्गात हलवली. वस्तीत त्यांना लोक म्हणायचे, “काय रामदासभाऊ, पोराचा दिवा बघायला येत नाही आता?” ते काठी टेकत शाळेकडं वळायचे.

अभय कामावरून आला की वस्तीत जायचा आणि दारोदार सांगायचा. लोक चहा द्यायचे, ऐकायचे नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं. हिरव्यावर विश्वास ठेवा हे त्यानंच शिकवलं होतं, आणि तो खोटा निघाल्यावर लाल खरा कसा?

सोमवारी पाऊस पुन्हा लागला. थेंबांचा नाही, मोठ्या सरींचा नाही, नुसता धार न तोडता पडत राहणारा. संध्याकाळी अभय विहारापाशी आला आणि जागेवर थांबला. दिवा हिरवा होता.

आकडे तर वेबसाइटवर चढत होते, त्यानं बसमध्ये बघितले होते. तो स्टुलावर चढला. मागच्या दोन वायरींची अदलाबदल केलेली होती, वर नीट टेप गुंडाळलेला. काम साफ होतं. रिक्षाच्या दिव्यांच्या वायरी जोडणाऱ्या हाताचं.

पृथ्वीराज त्याच्या ओट्यावर उभा राहून बघत होता.

“मीच केला,” तो म्हणाला. लपवाछपवी नाही. “पोरी झोपत नाहीत, भावा. लाल बघितलं की आईला चिकटून बसतात. आणि लाल दिवा ठेवून काय करू? शाळेत किती दिवस ठेवतील? महिनाभर? इथली जागा गेली तर मी रिक्षात संसार मांडू का?”

“दादा, भिंत दिवा बघून पडणार नाही.”

“ते तू मला शिकवू नको. दिवा तूच लावलास.”

अभयनं दोन्ही दिवे खोलून काढले. विहाराच्या चुन्यावर दोन गोल डाग राहिले. पायरीवर बसून त्यानं मोबाइलवर वेबसाइट उघडली आणि भिंतीचं काम ‘चाललं’मधून काढून ‘जळालं’मध्ये टाकलं. खाली नेहमीसारखं लिहिलं. काय करायला गेलो: भिंत कलली तर लोकांना कळावं म्हणून. कुठं चुकलं: वीज आल्यावर जे असेल तेच सरळ, असं मी यंत्राला शिकवलं. मग सगळ्यांनाच शिकवलं. काय जळालं: अजून काही नाही.

पाऊस पडत होता. पत्र्यांच्या आवाजात आणखी एक बारीक आवाज त्याला ऐकू आला. खर्र, खर्र. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो आवाज त्यानं सगळा पावसाळा स्वतःच्या घरात ऐकला होता आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

तो उठला. पृथ्वीराजच्या दारातून सरळ आत गेला. अपेक्षा भाकरी थापत होती. मधल्या दारापाशी पृथ्वीराज उकिडवा बसला होता, हातात कानस. आत, भिंतीच्या बाजूला, दोन पोरी शिलाई मशीनखाली घर-घर खेळत होत्या.

“आता काय?” पृथ्वीराज मान न वळवता म्हणाला.

“कडी लागत नाही?”

“लाकूड फुगलंय. पाऊस आहे.”

अभय त्याच्याशेजारी खाली बसला. पट्टीवर बोट ठेवलं. तिथंही भोकाची खाच झाली होती, त्याच बाजूला, तेवढीच चमकणारी.

“लाकूड फुगलं तर चारी बाजूंनी फुगेल ना, दादा?” तो म्हणाला. “आमच्या दाराला पण अशीच खाच आहे. पप्पांनी घासलेली. जाऊन बघ हवं तर. माझं नको ऐकू.”

पृथ्वीराज खाचेकडं बघत राहिला. “परवा घासली होती,” तो स्वतःशीच म्हणाला. “परवाच घासली की मी.”

वर पत्र्यावर काहीतरी पडलं. पावसाचं नव्हतं ते. ओल्या मातीचं ढेकूळ पडावं तसा बोदा आवाज. मग आणखी एक. मशीनखाली खेळणाऱ्या थोरलीनं वर बघितलं.

कानस थांबली होती.

“अपेक्षा,” पृथ्वीराज म्हणाला, अगदी हळू, जणू भिंतीला ऐकू जाऊ नये. “पोरी घे. तवा राहू दे. तव्यावरची पण राहू दे.”

अभयनं धाकटीला उचललं. पृथ्वीराज गल्लीत धावत सुटला आणि एकेका दारावर हातातली कानस बडवत ओरडू लागला, “कड्या बघा! आपापल्या कड्या लावून बघा!” मागं त्याच्या घराचं मधलं दार लागत नव्हतं, ते तसंच उघडं राहिलं, आणि तव्यावर भाकरी करपत होती.